चाचा कोणाला म्हणायचे?

मी अलिबागच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. २००७ चा जून महिना. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि मुलांच्या डोक्यात अजून मे महिन्याची सुट्टी होती. त्या सुट्टीत समुद्री लुटारूंचा एक इंग्रजी चित्रपट गाजला होता, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा तिसरा भाग. त्यात जगभरच्या समुद्रांवरचे लुटारूंचे सरदार एकत्र जमतात. हिंदी महासागराचा जो सरदार दाखवला आहे, त्याचे नाव 'श्री सुंभाजी'. लांब दाढी, डोक्याला पागोटे. हे नाव कुठून आले, हे अलिबागकराला वेगळे सांगायला नको. संभाजी आंग्रे, म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे चिरंजीव.

सातवीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आंग्रे चाचे होते का?"

वर्गात हशा पिकला. निम्मी मुले हसली ती 'चाचा' या शब्दाला, कारण त्यांच्या लेखी चाचा म्हणजे हिंदी सिनेमातला काका. पण तो मुलगा हसला नाही. तो कोळीवाड्यातला. त्याचा आजा त्याला सांगत असे, की आपल्या घरातली माणसे आंग्र्यांच्या गलबतावर वल्ही मारायला होती. तो म्हणाला, "ते चाचे असतील, तर मग आमचे पण चोरच का?"

मी घाईने उत्तर दिले, "नाही रे, इंग्रजांनी त्यांना बदनाम केले." तो खाली बसला. तास संपला. पण उत्तर द्यायला मी फार घाई केली, हे मला पुढे कितीतरी दिवस जाणवत राहिले. इंग्रजांनी शिवी दिली म्हणून ती खोटी, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चाचा म्हणजे नेमके काय, हा शब्द कोणाला लागू होतो आणि कोणाला होत नाही, हे आधी पाहायला हवे होते. आज ते पाहू.

कायदा मोडणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची मुळीच कमतरता नाही, आणि प्रत्येक शब्दाचे काम वेगळे आहे. गुपचूप नेतो तो चोर. टोळी करून, जोर दाखवून घर फोडतो तो दरोडेखोर. रस्त्यात अडवून लुटतो तो वाटमाऱ्या. गोड बोलून फसवतो तो भामटा. गर्दीत हात मारतो तो खिसेकापू. सत्तेला जुमानत नाही तो पुंड. आणि समुद्रावर जहाज अडवून लुटतो तो चाचा. जुन्या पुस्तकांत हा शब्द 'चांचा' असा अनुस्वार देऊन छापलेला सापडतो. अनेकवचन चाचे, त्यांचा उद्योग चाचेगिरी. हिंदीत यालाच समुद्री डाकू किंवा जलदस्यू म्हणतात. आपला शब्द दोन अक्षरी, सुटसुटीत, आणि दुसऱ्या कोणाला तो लावता येत नाही. डोंगरात लुटणाऱ्याला कोणी चाचा म्हणणार नाही.

म्हणजे हा शब्द ठिकाणावरून ठरला आहे, असे वाटते. पण नुसते ठिकाण पुरत नाही. जमिनीवर दरोडा पडला तर तो कोणाच्या हद्दीत पडला हे कळते. गावाला वेस असते, पाटील असतो, चावडी असते. समुद्राला वेस नाही. तिथे एका जहाजाने दुसरे जहाज अडवले, तर तो दरोडा झाला, लढाई झाली की जकातवसुली झाली, हे नुसते पाहून सांगता येत नाही. तिन्ही प्रसंगी दिसते ते एकच: एक जहाज पाठलाग करते, तोफ उडते, माणसे चढतात, माल उतरवून घेतला जातो. फरक असतो तो अडवणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे यात. मागे राज्य असेल, तर ते आरमार. कोणीच नसेल आणि लूट स्वतःच्या खिशात जात असेल, तर ती चाचेगिरी.

आता ही कसोटी घेऊन आपण आपल्या किनाऱ्यावर येऊ. अठराव्या शतकाच्या आरंभी मुंबई बंदराच्या तोंडापासून मुरूडपर्यंतचा किनारा पाहा. सरळ रेषेत हे अंतर थोडेच. एवढ्या टापूत चार सत्ता शेजारी शेजारी होत्या. मुंबईत इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी. थळसमोरची खांदेरी आणि अलिबागचा कुलाबा किल्ला आंग्र्यांकडे. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगीजांकडे. आणि राजपुरीच्या खाडीत जंजिरा सिद्दीकडे. सिद्दी मोगलांच्या वतीने समुद्र राखत होता. या चौघांच्या मधून व्यापाऱ्यांची तारवे, शिबाडे, मचवे सुरतेहून मलबारकडे आणि मलबारहून सुरतेकडे जात-येत होते. प्रत्येक सत्तेचे म्हणणे एकच होते: या पाण्यातून जायचे तर आमचा कागद जवळ हवा.

ही पद्धत आपल्याकडच्या कोणी काढली नाही. ती आणली पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभापासून त्यांनी हिंदी महासागरात 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. कार्ताझ असेल तर जहाज सुरक्षित, नसेल तर जहाज आणि माल जप्त. ज्यांची स्वतःची किनारपट्टी, स्वतःची बंदरे, त्यांनाही सात समुद्रांपलीकडून आलेल्या लोकांचा परवाना घ्यावा लागे. अकबर बादशहाच्या काळात मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांनाही ही कार्ताझ घ्यावी लागली. हे करणाऱ्या पोर्तुगीजांना युरोपातल्या कोणी चाचे म्हटले नाही. ते राजाच्या नावाने करत होते, म्हणून ते राज्य ठरले.

शिवाजी महाराजांनी आरमार उभारले ते हे सारे पाहूनच. १६७९ मध्ये त्यांनी खांदेरीवर तटबंदीला सुरुवात केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी लगेच जहाजे पाठवून विरोध केला. कारण उघड होते. खांदेरी ज्याच्या हाती, त्याला मुंबईत शिरणारे प्रत्येक शीड दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आरमाराला राज्याचे वेगळे अंग मानले आहे, आणि त्याने वागायचे कसे याचे नियमही घालून दिले आहेत. ज्या व्यापाऱ्याकडे सरकारचा कौल आहे, त्याला कोणीही उपद्रव द्यायचा नाही. शत्रूच्या मुलखातले बिनकौली तारू दिसले, तर ते धरून बंदरात आणायचे आणि सरकारात कळवायचे. चाच्याला असले नियम लागत नाहीत. त्याला कळवायला वर कोणी नसते.

कान्होजी आंग्रे हे याच व्यवस्थेतले. १७१४ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी यांच्यात तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांची सत्ता मान्य केली, आणि सरखेल हे पद व किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. तेव्हा ते जो परवाना देत, ज्याला दस्तक म्हणत, तो एका राज्याच्या अधिकाऱ्याने दिलेला परवाना होता. दस्तक घ्या, ठरलेली रक्कम भरा आणि निर्धास्त जा. दस्तक नसेल तर गुराबा आणि गलबते मागे लागत. गुराब मोठी, तोफांची. गलबत हलके, वल्ह्यांचे. वारा पडला की इंग्रजांची उंच शिडांची जहाजे जागच्या जागी डुलत राहत, आणि कोळी-भंडाऱ्यांनी वल्हवलेली गलबते त्यांच्या पिछाडीला जाऊन भिडत.

इंग्रजांचे भांडण दस्तकावरूनच होते. कंपनी म्हणे, आमच्या जहाजांना तुमचा परवाना कशाला? १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराची खासगी नौका आंग्र्यांच्या माणसांनी धरली, तिच्यावरची एक इंग्रज बाई कैदेत पडली आणि पुढच्या वर्षी तीस हजार रुपये खंडणी देऊन सुटली. त्यानंतर समझोता झाला: कंपनीच्या जहाजांना आंग्र्यांनी हात लावायचा नाही. पण मग प्रश्न उभा राहिला, की कंपनीचे जहाज म्हणजे कोणते? कंपनीचे नोकर स्वतःचा खासगी व्यापार करीत. हिंदी व्यापारीही आपला माल इंग्रजी निशाणाखाली पाठवू लागले, कारण त्यात दस्तकाचे पैसे वाचत. कान्होजींचे म्हणणे असे, की सवलत कंपनीला दिली, साऱ्या दुनियेला नव्हे. इंग्रजांचे म्हणणे असे, की आमचे निशाण दिसले की तुम्ही मागे फिरा. आजच्या भाषेत हा जकातचुकवेगिरीचा वाद होता. पण मुंबईच्या कागदपत्रांत एका बाजूचे नाव 'व्यापारी' पडले आणि दुसऱ्या बाजूचे 'पायरेट'.

१७२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर फिप्स यांनी कान्होजींना पत्र लिहून लुटीवर जगण्याचा दोष दिला. कान्होजींचे त्यावरचे उत्तर इतिहासात नोंदले गेले आहे. ते रागावलेले नाही, शांत आहे. त्याचा आशय असा, की दुसऱ्याचे आपल्याकडे ओढण्याची हौस व्यापाऱ्यांनाही असतेच, जगाची रीतच ती. आणि शिवाजी महाराजांनी चार राज्यांशी लढूनच आपले राज्य उभे केले, आमची सुरुवात तिथली. म्हणजे कान्होजींनी आपण जहाजे धरतो हे नाकारले नाही. त्यांनी नाकारले ते एवढेच, की हे करणारे एकटे आपण आहोत.

आता त्याच समुद्रावरचे खरे चाचे कोण होते, तेही पाहू. म्हणजे फरक कळेल. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज लुटले. त्यावर मक्केहून परतणारे यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांचे जे हाल झाले, त्याने सुरत हादरली. मोगलांनी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकले, कारण त्यांच्या लेखी सगळे इंग्रज एकाच माळेचे मणी. कंपनी शपथेवर सांगत राहिली, की एव्हरी आमचा नाही, तो चाचा आहे. म्हणजे हा शब्द इंग्रजांनाही किती सोयीचा होता, पाहा. आपल्या माणसाला नाकारायचे असले की तो 'पायरेट', आणि समोरच्याच्या सरदाराला नाकारायचे असले की तोही 'पायरेट'.

दुसरा दाखला कॅप्टन किडचा. हा तर चाच्यांना पकडायला निघाला होता. इंग्लंडच्या राजाचा परवाना त्याच्या पेटीत होता. चाच्यांना आणि शत्रू असलेल्या फ्रेंचांच्या जहाजांना धरण्याची त्याला मुभा होती. १६९८ मध्ये त्याने मलबारच्या समुद्रात 'क्वेदा मर्चंट' हे जहाज धरले. त्या जहाजाकडे फ्रेंचांनी दिलेला पास होता, म्हणून ते धरणे कायदेशीर आहे, असे किडचे म्हणणे. पण लंडनला खटला चालला तेव्हा ते पास न्यायालयापुढे आलेच नाहीत. १७०१ मध्ये किडला फाशी दिले. दोनशे वर्षांनी ते पास सरकारी दप्तरात सापडले. एक कागद समोर असता तर कदाचित तो आरमारी कप्तान म्हणून गेला असता. कागद दडला आणि तो चाचा म्हणून लटकला.

किडच्या पाठोपाठ मादागास्करच्या बाजूला युरोपीय चाच्यांचा सुळसुळाट वाढला. त्यांचा बंदोबस्त करायला इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज आरमारी जहाजे घेऊन निघाला. १७२१ च्या डिसेंबरात तो कुठे होता? अलिबागच्या किनाऱ्यावर. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले होते. हल्ला फसला, मदतीला बाजीराव पेशव्यांची फौज आली, आणि १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी तह केला. चाच्यांशी कोणी तह करत नाही. युरोपच्या कायद्यात चाच्याला 'साऱ्या मानवजातीचा शत्रू' म्हटले आहे. त्याच्याशी करार नसतो, त्याला वकील पाठवत नाहीत. पण आंग्र्यांशी इंग्रजांनी करार केले, पोर्तुगीजांनी केले, पत्रव्यवहार झाला, वकील आले-गेले. व्यवहारात सगळ्यांनी त्यांना सत्ता म्हणून वागवले. फक्त पुस्तके लिहिताना शब्द बदलला. त्या मोहिमेत असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने १७३७ मध्ये जे पुस्तक छापले, त्याच्या शीर्षकातच 'आंग्रिया द पायरेट' आहे. तिथून तो शब्द एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेला आणि पावणेतीनशे वर्षांनी चित्रपटातून माझ्या वर्गात येऊन पोहोचला.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, की मग माझे घाईचे उत्तर बरोबरच होते. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंग्र्यांची सगळी कारकीर्द एकसारखी नव्हती. कान्होजी १७२९ मध्ये वारले, मुलांत भाऊबंदकी झाली, दौलतीची वाटणी झाली. विजयदुर्गाकडच्या तुळाजी आंग्र्यांनी तर पेशव्यांनाही जुमानले नाही. वर ज्याची सत्ता मानायची, त्यालाच न मानता जहाजे धरली, तर ते आरमार कोणाचे, हा प्रश्न रास्त आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये इंग्रजांची मदत घेऊन तुळाजींविरुद्ध मोहीम काढली. मराठ्यांचे आरमार मराठ्यांनीच परक्याकडून बुडवले, म्हणून आपण पेशव्यांना दोष देतो, आणि त्यात तथ्य आहे. पण पेशव्यांच्या लेखी तुळाजी हा पुंड होता, हेही विसरता येत नाही. शिवाय ज्या गरीब व्यापाऱ्याचे तारू दस्तकाविना धरले गेले, त्याला कान्होजींचे सरखेलपद सांगून समाधान वाटले असेल, असे मला वाटत नाही. त्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच.

मात्र १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, तेव्हा काय झाले तेही ऐका. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हाती किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट लागली. ती कोणी किती घ्यायची, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी हल्ल्याच्या आधीच बैठकीत ठरवले होते. मोहिमेत भागीदार असलेल्या पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही. पैसा थेट अधिकाऱ्यांच्या आणि शिपायांच्या खिशात गेला. याला इंग्रजीत 'प्राइझ मनी' म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर होते. चाच्याची लूट आणि आरमाराचे बक्षीस यांत किती अंतर आहे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शब्दाची ही ओढाताण समुद्रावरच चालते असे नाही. याच रायगड जिल्ह्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. सरकारी दप्तरात ते दरोडेखोर होते. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. सरकारला तो दंगा वाटला, लोकांना तो सत्याग्रह. त्या वर्षी तर 'कायदेभंग' हा शब्दच मानाचा झाला. कायदा मोडला हे दोन्ही बाजूंना मान्य होते. वाद होता तो कोणाचा कायदा, हा.

म्हणून चाचा, दरोडेखोर, पुंड हे नुसते शब्द नाहीत, ते निकाल आहेत. आणि निकाल ऐकला की आपण चार गोष्टी विचाराव्यात. हा शब्द कोणी लावला? कोणत्या कायद्याने? मिळकत कोणाच्या खिशात गेली? आणि ज्याला लावला, त्याला उत्तर देण्याची सोय होती का?

मात्र या प्रश्नांचा अर्थ असा नव्हे, की चाचा नावाचा कोणी नसतोच. सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघून मालवाहू जहाजे धरणारे लोक पहिल्यांदा म्हणत, की परदेशी ट्रॉलर आमचे मासे चोरतात, आम्ही समुद्र राखतो. त्यात काही सत्य असेलही. पण महिनोन् महिने खलाशांना ओलीस ठेवून खंडणी मागायची आणि ती आपसांत वाटून घ्यायची, याला समुद्र राखणे म्हणत नाहीत. त्या ओलिसांत आपल्याकडचेही खलाशी होते. तिथे आपली वर्तमानपत्रे 'सोमाली चाचे' असे छापतात, आणि तो शब्द चपखल बसतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराने चाचेगिरीची व्याख्या जवळजवळ अशीच केली आहे: खुल्या समुद्रावर, खासगी हेतूने, एका जहाजाने दुसऱ्यावर केलेली जबरदस्ती. त्यात 'खासगी हेतू' हे शब्द कळीचे आहेत. तीनशे वर्षांचा वाद त्या दोन शब्दांत सामावला आहे.

गंमत अशी, की चाचा हा शब्द आपल्या भाषेत इतका जुना असूनही आपल्या फौजदारी कायद्यात त्याला जागा नव्हती. १९९९ मध्ये आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने 'अलोंड्रा रेनबो' हे चोरीला गेलेले जपानी जहाज पाठलाग करून पकडले. मुंबईत खटला चालला, २००३ मध्ये शिक्षा झाल्या, आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा संसदेने केला तो थेट २०२२ च्या डिसेंबरात. त्यानंतर २०२४ च्या मार्चमध्ये 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने 'रुएन' या जहाजावरच्या सतरा खलाशांची सुटका केली आणि पस्तीस सोमाली चाच्यांना पकडून मुंबईला आणले. आणि मुंबईत नौदलाचा जो किनाऱ्यावरचा मोठा तळ आहे, त्याचे नाव काय? 'आयएनएस आंग्रे'. १९५१ पासून हेच नाव आहे. इंग्रजी पुस्तकांनी ज्यांना चाचे म्हटले, त्यांच्या नावाचा तळ आणि समोर चाचे उतरवलेले, असे हे चित्र.

आता एक कडू गोष्ट. शब्द फार कठोर लावल्याने जसा अन्याय होतो, तसा फार सैल सोडल्यानेही होतो. 'तस्कर' हा शब्द घ्या. संस्कृतात तस्कर म्हणजे सरळसरळ चोर. आपण तो जकात चुकवून माल आणणाऱ्याला लावला. सोन्यावर सरकारी निर्बंध होते, सोने नियंत्रण कायदा १९६८ पासून १९९० पर्यंत होता, त्या काळात आखाताकडून कोकणच्या किनाऱ्यावर सोने, चांदी, घड्याळे उतरत. लोक तस्कर म्हणत नसत, 'दोन नंबरचा धंदा' म्हणत. 'माल उतरला' म्हणत. त्यात चोरी आहे असे फारसे कोणाला वाटत नसे. सरकार बुडते, आपले काय जाते? बाहेरचे घड्याळ मनगटावर मिरवणाऱ्यांनी ते कुठून आले हे विचारले नाही.

१९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच वाटांनी दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी माल उतरला. वाटेत अडवलेला माल लाच घेऊन सोडला गेला. पुढे न्यायालयात काही पोलीस आणि कस्टमचे अधिकारी दोषी ठरले. जे उतरले त्यात आरडीएक्स आणि बंदुका होत्या. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. इथे 'कोणाचा कायदा' असा प्रश्न उरत नाही. इतकी वर्षे आपण चोरीला धंदा म्हणत आलो, त्या सैल शब्दाच्या आडून ते आत आले. आणि त्याचा भार कोणावर पडला? किनाऱ्यावरच्या माणसावर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडचा प्रत्येक मच्छीमार काही काळ संशयित झाला.

२००८ च्या नोव्हेंबरात तर मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' ही मच्छीमारांची बोट भर समुद्रात ताब्यात घेऊन आले. बोटीवरच्या खलाशांचा त्यांनी जीव घेतला. ती बोट गुजरातच्या गरीब मच्छीमारांची होती. त्यानंतर बोटींची नोंदणी कडक झाली, राज्याराज्यांच्या बोटींना वेगळे रंग ठरले, मच्छीमारांना बोटांचे ठसे घेतलेली ओळखपत्रे मिळाली.

तो सातवीतला मुलगा आता स्वतःच्या बोटीवर तांडेल आहे. काही दिवसांपूर्वी तो मला अलिबागच्या किनाऱ्यावर भेटला. ओहोटी लागली होती, कुलाब्याच्या किल्ल्याकडे माणसे पायी चालली होती. मी त्याला म्हटले, "तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर मी नीट दिले नव्हते रे." मग वरचे सगळे थोडक्यात सांगितले. आंग्र्यांचे आरमार राज्याचे होते, नियमाचे होते, म्हणून त्यांना चाचे म्हणणे चूक. पण त्यांनी धरलेल्या प्रत्येक तारवावरचा माणूस शत्रूच होता असे नाही, आणि तुळाजींच्या बाबतीत तर वाद आहे. तुझे पूर्वज वल्ही मारत होते ते सरखेलांच्या हुकमाने. त्यांना चोर म्हणता येत नाही.

तो ऐकत राहिला. मग त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ओळखपत्र काढले आणि माझ्या हातावर ठेवले. म्हणाला, "सर, समुद्रात अडवतात तेव्हा पहिलं हेच मागतात. एकदा घरी राहिलं होतं, तर अर्धा दिवस बोट धरून ठेवली. म्हणजे हे आमचं दस्तकच की."

मी म्हटले, "हो. आणि ते मागणाऱ्यांना वर उत्तर द्यावे लागते, म्हणून ते चाचे नव्हेत."

"ते खरं," तो म्हणाला, "पण उत्तर मागायला आम्ही कुठे जायचं, ते पण सांगा कधी तरी." आणि भरती लागायच्या आत निघायचे म्हणून तो बोटीकडे गेला.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)